छोट्या ट्रेलरमध्ये राहून नोकरी: मुंबईहून निघणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

यूट्यूबवर दिसणारी बहुतेक ट्रेलरघरं, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, थंडीसाठी बांधलेली असतात. जाड लोकरीचं अस्तर, लाकडी पट्ट्यांच्या भिंती, लहान खिडक्या, गॅसचा हीटर. तशीच रचना कोकणात आणली तर पहिल्याच पावसाळ्यात अस्तर ओलं होऊन बसतं, प्लाय फुगतो आणि गादीखाली काळी बुरशी धरते. आपली गाठ आहे उकाड्याशी, दमट हवेशी आणि पावसाशी. ट्रेलर कोणता घ्यायचा इथपासून जुलैत कुठे उभं राहायचं इथपर्यंत सगळं या तिघांवर ठरतं.

पुढचे आकडे एका किंवा दोन माणसांसाठी, लॅपटॉपवर चालणाऱ्या कामासाठी आणि साधारण १० ते १२ फुटी ट्रेलरसाठी आहेत. सगळं सामान भरून त्याचं वजन ७५० ते ९०० किलो भरतं, आणि ओढायला डिझेलची दणकट एसयूव्ही लागते.

आधी कागद

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःची नंबरप्लेट आणि विमा लागतो. वसईच्या किंवा भिवंडीच्या फॅब्रिकेटरकडून हौसेने सांगाडा वेल्ड करून घेतला आणि मग आरटीओत गेलो, असा उलटा क्रम लावू नका. ज्याच्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे अशाच उत्पादकाकडून सांगाडा किंवा पूर्ण ट्रेलर घ्या. पैसे देण्याआधी मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, मिळणार आहे याची खात्री करा. प्रत द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. आतलं फर्निचर नंतर हवं तसं बदलता येतं, पण लांबी, रुंदी किंवा अॅक्सल बदलायचा असेल तर कलम ५२ खाली आधी परवानगी लागते.

ओढणाऱ्या गाडीची पुस्तिका उघडा आणि ती किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते तो आकडा शोधा. आकडाच दिला नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी नाही असं धरा. हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा आकडा, चासीला बोल्टने बसवलेला हवा. बंपरच्या पट्टीवर वेल्ड केलेला हिच दिसायला सारखाच असतो आणि घाटात उपटून येतो. ट्रेलर ओढणार आहात हे विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो. धावत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, अगदी सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा.

वजन

ट्रेलर तीनदा वजनकाट्यावर न्या: रिकामा, फर्निचर आणि बॅटरी बसवल्यावर, आणि पाणी-कपडे-भांडी भरून निघायच्या तयारीत असताना. शेवटचा आकडा नोंदणीतल्या कमाल वजनापेक्षा निदान ५० किलोने कमी हवा. घर म्हटलं की सामान वाढतंच.

एकूण वजनाइतकंच हिचवर पडणारं वजन महत्त्वाचं. ते ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या ७ ते १० टक्के असावं, म्हणजे ८०० किलोच्या ट्रेलरला ५६ ते ८० किलो. हिचच्या पट्टीवर त्याहून कमी मर्यादा छापलेली असेल तर तीच पाळायची. मोजायला बाथरूममधला वजनाचा काटा पुरतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा, काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा ठेवा आणि ट्रेलरचं नाक, म्हणजे गाडीला जोडायचं पुढचं टोक, त्यावर टेकवा. ठोकळ्याची उंची अशी घ्या की नाक टो बॉलच्या, म्हणजे हिचवरच्या गोळ्याच्याच उंचीवर राहील. नाक वर किंवा खाली असलं तर काटा वेगळाच आकडा दाखवतो.

नाकावर वजन कमी पडलं की ७० च्या वेगाला ट्रेलरची शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागते. बाजूने मोठी बस गेली की झुलणं वाढतं. अशा वेळी करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटरवरचा पाय उचला आणि वेग आपोआप उतरू द्या. नाकावर वजन जास्त झालं तर गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातात. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी अॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे ठेवा. मागच्या टोकाला हलकं सामान: गादी, उशा, कपडे.

घाट

मुंबईतून कुठेही निघा, तासा-दोन तासांत घाट लागतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. गाडीने वेग कमी केला की ट्रेलरच्या रेट्यानेच लागणारे ओव्हररन ब्रेक या वजनाला चांगले चालतात. चढताना ज्या गिअरमध्ये गेलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवला तर ड्रम तापतो, पेडल मऊ लागतं आणि जळका वास येतो. वास आला की मोकळ्या जागी थांबून अर्धा तास गार होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

बोर घाट आणि कसारा घाट रुंद आहेत, तिथे प्रश्न फक्त वेगाचा. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट ट्रेलरसाठी टाळा. वळणं इतकी तीव्र आहेत की ट्रेलरचं आतलं चाक कठड्याला घासतं. पुण्यावरून वाई आणि मग पसरणी घाटाने पाचगणी हा लांबचा रस्ता बरा. महाड-भोर मधला वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे वरचेवर बंद असतो, तो यादीतूनच काढून टाका.

छप्पर, भिंती, हवा

मे महिन्यात मुंबईच्या अक्षांशावर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त उष्णता छतातून येते. छताला बाहेरून पांढरा उष्णता परतवणारा रंग आणि आतून २५ मिमी जाडीची बंद छिद्रांची फोम शीट लावा. नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई, दोन्ही चालतात. काचलोकर आणि थर्माकोल नको. काचलोकर ओल धरून ठेवते, थर्माकोल खडबडीत रस्त्यावर किरकिरतो आणि त्याचा भुगा होतो. सोलर पॅनेल छतापासून ४ ते ५ सेंमी उंच बसवले की त्यांची सावली छताला फुकट मिळते आणि खालून वारा खेळल्याने पॅनेलही गार राहतात. छताला चिकटवायचे लवचिक पॅनेल आपल्या उन्हात तापून लवकर खराब होतात.

हवा खालून आत आणि वरून बाहेर गेली पाहिजे. एका बाजूला जमिनीलगत जाळीचा झरोका आणि छतात बाहेर हवा फेकणारा पंखा, तोही पाऊस पडत असताना उघडा ठेवता येईल अशा झाकणाचा. सगळ्या उघड्या जागांना डासांची बारीक जाळी हवीच, ती काढून धुता येईल अशी. गादी सलग प्लायवर टाकू नका. फळ्यांमध्ये ४ ते ५ सेंमी फटी ठेवा आणि रोज सकाळी गादी अर्धा तास उभी करा. झोपलेल्या माणसाच्या घामाची वाफ गादीतून खाली जाते, आणि खाली वाट नसेल तर तिथेच साठते.

फर्निचरला आयएस ७१० चा मरीन प्लाय वापरा, कापलेल्या प्रत्येक कडेला रंग किंवा इपॉक्सी लावा. कमर्शियल प्लाय एका पावसाळ्याचा सोबती. वजन वाचवायचं तर अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलवर पातळ बोर्ड आणखी चांगला. स्क्रू ३०४ दर्जाच्या स्टीलचेच, कारण किनाऱ्यावरची खारी हवा साध्या स्क्रूला महिन्याभरात गंज चढवते.

गळतीची चाचणी मे महिन्यात करा, पाऊस यायची वाट पाहू नका. आत छताच्या सांध्यांखाली, खिडक्यांच्या कोपऱ्यांत आणि वायर आत येते तिथे वर्तमानपत्राचे कागद टेपने चिकटवा. बाहेरून पाइपने वीस मिनिटं पाणी मारा, आधी खालून आणि मग हळूहळू वर चढत. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजतं आणि पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. कागदावर जिथे गडद ठिपका उमटला त्याच्या बरोबर समोर भोक असेलच असं नाही. पाणी अस्तराच्या मागून हातभर सरकून टपकतं, म्हणून ठिपक्याच्या वरचा सगळा सांधा तपासा. झरोका आणि खिडक्यांच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप, वरून पीयू सीलंट. सिलिकॉन वापरू नका. ते सुटलं की त्या जागी नंतर दुसरं काहीच धड चिकटत नाही.

वीज: आधी हिशेब, मग खरेदी

नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतो, कारण तो आधी बॅटरी घेतो आणि मग काय काय चालेल ते बघतो. कागदावर वॉट आणि तास लिहा, दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. लॅपटॉप ५० वॉट, ८ तास: ४०० वॉट-तास. राउटर १२ वॉट, १२ तास: जवळपास १५०. दोन १२ व्होल्टचे पंखे मिळून ३२ वॉट, १४ तास: ४५०. चाळीस लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज मुंबईच्या उकाड्यात निम्मा वेळ चालू राहतो, त्याचे ५००. दिवे, फोन, पाण्याचा पंप मिळून १००. बेरीज १,६०० वॉट-तास. लॅपटॉपवर काम करणारा दुसरा माणूस असेल तर आणखी ४००.

पुढची गणितं एका माणसाच्या या १,६०० वर आहेत. छतावर २०० वॉटचे दोन पॅनेल बसतात. उन्हाळ्यात पाच तासांचं पूर्ण ऊन आणि उष्णता, धूळ, वायर यांतली घट धरून ४०० गुणिले ५ गुणिले ०.७, म्हणजे रोज १,४०० वॉट-तास. गरजेपेक्षा थोडे कमीच. जुलैत ढगाळ हवेत अडीच तास धरा, मग हातात ७०० येतात आणि रोज ९०० ची तूट पडते. १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांत २,५६० वॉट-तास असतात, त्यांतले २,१५० वापरण्याजोगे. म्हणजे पावसात उभं राहिलात तर तिसऱ्या दिवशी लॅपटॉप बंद पडतो. पॅनेल वाढवायला छतावर जागा नाही. उपाय दोनच: गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) चार्जिंग किंवा बाहेरची वीज.

अल्टरनेटरसाठी ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा. तासभर गाडी चालली की साधारण ४०० वॉट-तास भरतात. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत १६ चौरस मिमीची तांब्याची केबल, गाडीच्या बॅटरीलगत ६० अँपिअरचा फ्यूज आणि मध्ये अँडरसन कनेक्टर (जाड केबल जोडायचा-सोडायचा प्लग). दिव्यांच्या सात पिनी सॉकेटमधून हा करंट नेऊ नका, त्या वायरी बारीक असतात आणि वितळतात. डीसी-डीसी चार्जर न लावता बॅटरी थेट जोडली तर रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून झेपेल त्याहून जास्त करंट ओढते आणि अल्टरनेटर जळतो.

घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त दिसते. पण ती ५० किलोच्या वर जाते, निम्मीच वापरता येते, खड्ड्यांत अॅसिड सांडतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या खोलीत ती नको. लिथियम फॉस्फेट बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून तिला पत्र्याच्या बाहेरच्या पेटीत न ठेवता आत, जमिनीलगत, हवा खेळेल अशा जागी ठेवा.

इन्व्हर्टर १,००० वॉटचा, प्युअर साइन वेव्ह. पूर्ण भारावर तो १२ व्होल्टच्या बाजूने ९० अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला २५ चौरस मिमीची केबल, मीटरभराच्या आत, आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूज. घरातला एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) इथे चालत नाही. डीसीची ठिणगी तो खात्रीने तोडू शकत नाही. फ्यूज आणि स्विच डीसीसाठीच बनवलेले घ्या. लिथियमला टी-क्लास फ्यूज सर्वांत बरा.

इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १० ते १५ वॉट खातो, म्हणजे दिवसाला ३०० वॉट-तास कशाच्याही कामी न येता जातात. काम झालं की बंद करा. लॅपटॉप शक्य असेल तर १२ व्होल्टवर चालणाऱ्या ६५ किंवा १०० वॉटच्या टाइप-सी चार्जरवर चालवा, तिथेच दहा-पंधरा टक्के वाचतात.

केबल आणि लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लोहार चाळीत मिळतात, इलेक्ट्रॉनिक्स लॅमिंग्टन रोडला, हार्डवेअर आणि बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला. लग हातोडीने ठोकून बसवू नका, हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या. पहिल्या १०० किलोमीटरनंतर इन्व्हर्टरवर मोठा भार दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि प्रत्येक लगवर बोट ठेवून बघा. एखादाच लग इतरांपेक्षा गरम लागला तर तोच सैल आहे. ट्रेलरमधल्या बऱ्याच आगी अशाच एका सैल जोडापासून सुरू होतात.

एसीचं काय? एक टनाचा एसी रात्रभरात ४ ते ५ युनिट (एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास) खातो, आणि आपल्या बॅटरीत पुरती अडीचही नाहीत. एसी फक्त बाहेरच्या विजेवर. उरलेल्या उन्हाळ्यासाठी उंची गाठा: दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं.

बाहेरची वीज घेताना

शेतघर, कृषी पर्यटन केंद्र, एखाद्याची वाडी, जिथे वीज मिळेल तिथे प्लग लावण्याआधी तीन तपासण्या करा. पहिली अर्थिंगची. साध्या प्लग टेस्टरने ती दोन सेकंदांत होते. गावाकडे पुष्कळ ठिकाणी सॉकेटची वरची पिन आत कशालाच जोडलेली नसते. अशा वेळी एखादं उपकरण बिघडलं की ट्रेलरचा सगळा पत्राच करंट मारतो, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला तो जीवघेणा ठरतो. अर्थिंग नसेल तर प्लग लावू नका. दुसरी व्होल्टेजची. संध्याकाळी पंप सुरू झाले की ते १८० पर्यंत उतरतं, म्हणून १६० ते २६० व्होल्टवर चालणारा चार्जर घ्या. तिसरी तुमच्या स्वतःच्या आरसीसीबीची (करंट गळला की वीज तोडणारा स्विच): ३० मिलिअँपिअरचा, ट्रेलरमध्ये वीज शिरते तिथेच बसवलेला. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

एक्स्टेन्शन २.५ चौरस मिमीची, २५ मीटरची, १६ अँपिअरच्या प्लगची. वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल आतून तापते आणि वेटोळ्याचं मधलं आवरण वितळतं. छोटा सबमीटर लावलात तर युनिटप्रमाणे पैसे देता येतात आणि मालकाशी कधी कुरबुर होत नाही.

पाणी आणि संडास

अन्नाला चालेल अशा प्लास्टिकची ६० लिटरची टाकी आणि पिण्यासाठी वेगळा २० लिटरचा जार. दोन माणसांना आंघोळ जपून केली तर हे दोन दिवस पुरतं: पंपाच्या शॉवरने माणशी ७ लिटर, भांड्यांना ६, पिण्या-स्वयंपाकाला ८. टाकी दर दोन महिन्यांनी निर्जंतुक करा. ६० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ६० मिली टाका, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास तसंच ठेवा आणि मग दोनदा साध्या पाण्याने धुऊन काढा. भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी खालच्या टाकीत साठवा. मालक म्हणाला तर झाडांना, नाहीतर गटारात. रस्त्यावर कधीच नाही.

संडासासाठी दोन पर्याय. २० लिटरच्या, बाहेर काढता येणाऱ्या टाकीचा कॅसेट टॉयलेट दोन माणसांना तीन दिवस पुरतो, पण तो रिकामा करायला खरा संडास लागतो. फॉर्मल्डिहाइड असलेलं रसायन सेप्टिक टँकमध्ये ओतू नका, मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि ज्याने जागा दिली त्याचीच टाकी तुंबते. लघवी वेगळी करणारा सुका टॉयलेट कोकोपीटवर चालतो, आणि कोकोपीटची वीट कुठल्याही रोपवाटिकेत मिळते. आपल्या हवामानात आम्ही दुसरा सुचवतो, मात्र त्याला बाहेर हवा फेकणारा छोटा पंखा चोवीस तास चालू हवा. प्रवासात पेट्रोल पंपावरच्या स्वच्छतागृहाचा हक्काने वापर करा. ते सर्वांसाठी मोफत असतं.

स्वयंपाक

१४.२ किलोचा घरगुती सिलिंडर ट्रेलरमध्ये नको. ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या, तो बाहेर उघडणाऱ्या आणि आतून बंद असलेल्या कप्प्यात उभा ठेवा, कप्प्याच्या तळाला भोक पाडा. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर खाली साठतो. रेग्युलेटर चालताना बंद, झोपताना बंद. दाराजवळ २ किलोचं एबीसी अग्निशामक. स्वयंपाक शक्यतो बाहेर ताडपत्रीखाली करा, आतली वाफ हीच पुढे बुरशी होते. बाहेरची वीज असेल तेव्हा इंडक्शन वापरा.

नेटवर्क आणि टेबल

दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, दोन सिमचा राउटर आणि छताच्या वर जाणारा बाहेरचा अँटेना. सह्याद्रीत टॉवर जवळ असूनही मधल्या डोंगरामुळे सिग्नल मिळत नाही, आणि शंभर पावलं सरकलं की पूर्ण मिळतो. म्हणून ट्रेलर उभा करण्याआधी फोन घेऊन जागेवर चक्कर मारा. डाउनलोडपेक्षा अपलोड बघा: व्हिडिओ कॉलला ३ ते ४ एमबीपीएस स्थिर अपलोड पुरतं. तपासणी तुमच्या कामाच्याच वेळी करा. पर्यटनस्थळी शनिवारी संध्याकाळी टॉवरवर इतकी गर्दी असते की मंगळवारी सकाळचा आकडा कामाचा नाही. महत्त्वाची मीटिंग असेल त्या जागी आदल्या दिवशी पोहोचा.

टेबल ७२ सेंमी उंच, बसायची जागा ४५, पाठीला खरा टेका. पलंगावर बसून आठ तास काम करता येईल असं वाटतं, पंधरवड्यात पाठ सांगते.

वर्षाचा फेरा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकण: अलिबाग, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली. मार्चपासून वर सरका. एप्रिल-मे घाटमाथ्यावर: पाचगणी, भंडारदरा, पन्हाळा. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी सह्याद्री ओलांडून पर्जन्यछायेत जा: फलटण, बारामती, सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग. महाबळेश्वरात पावसाळाभरात साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फलटणला त्याचा दहावा भागही नाही, आणि ऊन अधूनमधून मिळत राहतं. देशावर एकच धोका, काळी माती. कोरडी असताना दगडासारखी घट्ट, पण एका सरीत ट्रेलरची चाकं रिमपर्यंत रुततात. मुरमाची जागा मागा आणि चार जाड फळ्या जवळ ठेवा.

कोकणात नारळाखाली उभं राहू नका. नारळ पडला नाही तरी झावळी पॅनेल फोडते. पुळणीवर ट्रेलर नेऊ नका: चाकं रुततात आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. समुद्राजवळ राहिलात तर आठवड्यातून एकदा चासी गोड्या पाण्याने खालून धुवा.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून हा प्रकार लोकांना थोडा ओळखीचा झाला आहे. एमटीडीसीच्या निवासांत आणि कृषी पर्यटन केंद्रांत आधी फोन करून सपाट जागा, वीज आणि संडास विचारा. ठरलेला दर, विजेचा युनिटचा दर आणि निघायची तारीख व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. गावात आठवड्याहून जास्त राहणार असाल तर पोलीस पाटलांना भेटा, ओळखपत्राची प्रत द्या. अर्ध्या तासाच्या या भेटीने रात्री टॉर्च घेऊन येणारी चौकशी टळते.

मुंबईत ट्रेलर आणण्याचा हट्ट धरू नका. पार्किंगची जागा गाडीच्या मापाची असते, आणि पावसाळ्यात सखल भागात उभा ट्रेलर म्हणजे नुकसान ठरलेलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार एकत्र आली की नाल्यांतलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, हे दरवर्षी घडतं. ऑफिसला अधूनमधून तोंड दाखवावं लागत असेल तर लोकलच्या टोकाच्या स्टेशनांजवळ तळ द्या: कर्जत, कसारा, खोपोली, डहाणू रोड. ट्रेलर वाडीत, गाडी स्टेशनच्या पार्किंगला आणि तुम्ही पहाटेच्या लोकलने सीएसएमटीला किंवा चर्चगेटला. कर्जतहून दोन तासांच्या आसपास लागतात, आणि पहिल्या स्टेशनावर बसायला जागा मिळते.

आधार, बँक, आयकर आणि मतदार यादीसाठी मुंबईतला एक कायमचा पत्ता ठेवा, आणि तिथे पत्रं उघडून फोटो पाठवणारं घरचं माणूसही.

सराव

पहिल्या दोन रात्री नातेवाइकांच्या अंगणात झोपा, पण वीज-पाणी बाहेरून न घेता. दुसरा टप्पा कर्जत किंवा नेरळजवळ, शुक्रवार ते सोमवार, म्हणजे कामाचे दोन दिवस त्यात येतील. तिसरा टप्पा पूर्ण आठवडा, जमलं तर जुलैत. भाड्याचं घर सोडायचं की नाही ते त्यानंतरच ठरवा. उन्हाळ्यातला ट्रेलर आणि जुलैतला ट्रेलर ही दोन वेगळी घरं आहेत, आणि तुम्हाला दोन्हींत राहायचं आहे.

निघताना दर वेळी हाच क्रम ठेवा. बाहेरची वीज काढा, गॅस बंद, छताचा झरोका बंद, कपाटांच्या खिट्ट्या लावा. बॉलवर कपलर (ट्रेलरच्या नाकावरची वाटी) बसवा, कडी लागली की जॅकने नाक वर उचलून बघा: गाडीचं मागचं अंग सोबत उचललं गेलं तरच ते नीट बसलं आहे. साखळ्या नाकाखालून फुलीसारख्या अडकवा, म्हणजे कपलर निसटला तर नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर झेललं जातं. ब्रेकची सुरक्षा तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक ओढणारी) गाडीला लावा. दिवे, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. पाचरी सगळ्यात शेवटी काढा. पाच-दहा किलोमीटरवर थांबून दोन्ही चाकांच्या हबजवळ उलटा हात न्या. एक हब हात ठेववत नाही इतका गरम असेल तर बेअरिंगमधलं ग्रीस संपलं आहे किंवा ब्रेक अडकला आहे. तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.